ज्या हुकमाचं मेडल मिळालं

बाबा,

तुमच्या बाजूनं निकाल लागला. मागच्या महिन्यात एका मंगळवारी वकिलाचा फोन आला, तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते. वकील आता तुमच्या वेळचा नाही, त्याचा मुलगा आहे. तो म्हणाला, मॅडम, बडतर्फी रद्द झाली, साहेबांची नोकरी सलग धरायला सांगितली आहे, फाईलमधले अपमानाचे शेरे काढायला सांगितले आहेत. मी म्हटलं, नेमकं काय लिहिलंय ते वाचून दाखवा. त्यानं इंग्रजीतून वाचलं. चौकी सोडण्याचा निर्णय त्या परिस्थितीत जवानांचे जीव वाचवण्यासाठी घेतला होता, त्याला भ्याडपणा म्हणता येणार नाही, असं काहीसं. या एका वाक्याला पस्तीस वर्षं लागली. तुम्हाला जाऊनही अकरा वर्षं झाली. खटल्याच्या कागदांवर तुमच्या नावापुढं 'मयत' आणि खाली वारस म्हणून माझं नाव होतं, म्हणून ते मला कळवलं गेलं. आई असती तर तिनं देवापुढं साखर ठेवली असती. मी हातातला पेपर पुरता तपासला, गुण मांडले, आणि मग बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं.

तुम्ही परत आलात तो दिवस मला अजून दिसतो. मी दहावीत आहे. आपण पोलीस लाईनीतल्या क्वार्टरमध्ये राहतो, पुढं दोन पायऱ्या, मागं न्हाणी आणि आईनं लावलेलं अंबाडीचं रान. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. आई पाट्यावर भेदराची, म्हणजे टमाट्याची, चटणी वाटते आहे, मी वेणी घालत दारात उभी आहे, आणि तुम्ही मागच्या दारानं आत येता. तुम्ही मागच्या दारानं कधीच येत नव्हता. वर्दी अंगावर होती, पण पट्टा नव्हता, टोपी नव्हती, बुटांवर पोटरीपर्यंत चिखल वाळलेला. तुम्ही चुलीजवळच्या पाटावर बसलात आणि पाणी मागितलं. आईनं आधी पाणी दिलं नाही. तिनं विचारलं, "पोरं?" तुमच्या जवानांना ती पोरं म्हणायची. तुम्ही म्हणालात, "सगळे आले." मग तिनं तांब्या भरून दिला, आणि तुम्ही तो एका दमात प्यालात. त्या दोन शब्दांवर आईनं पुढची सगळी वर्षं काढली. मला मात्र त्या दिवशी त्यांचा अर्थ कळला नाही.

कळलं ते शाळेत आणि बाजारात जे बोललं जात होतं ते. लांजीच्या पलीकडं जंगलात तुमची चौकी होती. बावीस जवान आणि तुम्ही त्यांचे कंपनी कमांडर. जंगलातल्या बंदूकवाल्यांनी चौकी घेरली तेव्हा एकही गोळी न झाडता तुम्ही माणसं घेऊन निघून आलात, मागं चौकी त्यांनी जाळली, धान्य-सामान नेलं. गावाला एवढंच ठाऊक होतं. आपल्या बालाघाटात तेव्हा सगळे सगळ्यांना ओळखत. 'भगोडा' हा शब्द मी पहिल्यांदा माझ्याच वहीच्या पुठ्ठ्यावर वाचला, निळ्या शाईत, चांगल्या अक्षरात. महिन्याभरात क्वार्टर खाली करावं लागलं. शेजारच्या बाया सामान बांधायला आल्या, पण त्यांच्यातली कोणी आईच्या डोळ्याला डोळा देईना.

मी तुम्हाला काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. भाड्याच्या नव्या घरात, स्वयंपाकघरात. तुम्ही खाली बसून लसूण सोलत होता, कारण आई तापानं पडली होती. मी दप्तर फेकलं आणि म्हटलं, "तिथंच मरायचं होतं ना. लोकांनी नाव तरी घेतलं असतं." तुमचा हात थांबला नाही. एक पाकळी सोलून झाली, तुम्ही दुसरी घेतली, आणि म्हणालात, "बाई, हात धू अन् जेवून घे." बस. तुम्ही ओरडला असता तर मला विसरता आलं असतं. ते वाक्य मी परत घेतलं नाही, तुम्हीही कधी काढलं नाही, आणि आपण एका घरात चोवीस वर्षं त्याच्या आजूबाजूनं चाललो.

खरी हकिकत मला तुमच्या हवालदारानं सांगितली. वारासिवनीचे ते, उंच, एका कानानं कमी ऐकणारे. दर दिवाळीला ते चिन्नोरच्या तांदळाची पिशवी घेऊन यायचे, तुमच्यासमोर खुर्चीवर बसायचे नाहीत, उंबऱ्याजवळ टेकायचे. मी बी.ए.ला असताना एकदा तुम्ही घरी नव्हता, तेव्हा ते बोलले. चौकी खोलगट जागी बांधलेली होती, तीन बाजूंनी टेकड्या. बावीसपैकी सात जण मलेरियानं पडलेले. नाल्याला पूर आला की एकच वाट उरायची आणि तीही बंद होत आली होती. तुम्ही वायरलेसवर तीनदा निघण्याची परवानगी मागितली. तीनदा उत्तर आलं, जागा सोडायची नाही. चौथ्यांदा तुम्ही मागितलीच नाही. वायरलेसचं बटण स्वतः बंद केलं, हवालदाराला म्हणालात, आता हुकूम ऐकू येत नाही, आणि तांबडं फुटताना बांबूच्या झोळ्या करून आजारी पोरांना उचलून वाटेला लागलात. हवालदार मला म्हणाले, "बाई, त्यात एका झोळीत मी होतो. तुझ्या बापानं चार कोस मले खांद्यावर आणलं. लोक काय म्हणते ते मले नको सांगू." त्यानंतर मी तुमच्या ताटात वाढताना हात सावकाश करू लागले. तेवढीच माझी माफी.

तोपर्यंत तुम्ही वारासिवनीच्या एका राईस मिलमध्ये लागला होता. सकाळच्या बसनं जायचं, फाटकाशी टेबल टाकून बसायचं, आत येणाऱ्या धानाच्या गाड्या लिहून घ्यायच्या. संध्याकाळी घरी यायचात तेव्हा भुवयांवर कोंड्याची भुकटी असायची. मी एकदा काही कामानं तिथं आले होते आणि लांबून तुम्हाला पाहत उभी राहिले. फाटकातून गाड्या येत होत्या, व्यापारी येत होते, तुम्ही मान वर न करता लिहीत होता. मग खांद्यावर गमछा टाकलेला एक म्हातारा गोंड शेतकरी आत आला आणि तुम्ही उभे राहिलात. ताठ, दोन्ही हात बाजूला. तो पुढं गेल्यावर खाली बसलात. थोड्या वेळानं तसाच आणखी एक आला, तुम्ही पुन्हा उभे. मिलचा मुनीम हसून मला म्हणाला, तुमचे वडील शेठला सलाम करत नाहीत, पण आदिवासी आला की उठतात. घरीही तसंच होतं. रस्त्यानं कोणी तशा चालीनं जाताना दिसला की तुम्ही खुर्चीवरून उठून कुंपणापर्यंत जायचात, बघायचात, परत यायचात. आई आतून म्हणायची, "कोणी नाई. बसा." ती कोणाबद्दल बोलते आहे हे मी विचारलं नाही. वर्दीची सवय असेल, असं मी धरून चालले.

मी इतिहास शिकवायला लागले, तुमचे केस पिकले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आणि मग मला ते पुस्तक सापडलं. नागपूरच्या एका ग्रंथालयात मी दुसरंच काही शोधत होते आणि हाती लागलं एका जर्मन उमरावाचं चरित्र. दुसऱ्या महायुद्धातला सेनापती, हुकूम मोडून माघार घेतली म्हणून बदनाम झालेला. मी उभ्या उभ्या वीस पानं वाचली. त्यानंही वायरलेस बंद केला होता, बाबा. मला वाटलं, हे तुम्हाला द्यायचं. तुमच्यासाठी मी आणलेली ती एकच भेट. जगात आणखी एक माणूस तुमच्यासारखा होऊन गेला, हे तुम्हाला कळावं असं मला वाटत होतं, आणि स्वयंपाकघरातलं माझं ते वाक्य कधीतरी मागं घ्यावं, असंही.

त्या हिवाळ्यात रोज दुपारी आपण अंगणातल्या उन्हात बसायचो. तुम्ही खाटेवर पाय सोडून, मी खाली चटईवर. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायची. त्या उमरावाचा बाप लहानपणीच गेला, आईनं वाढवलं, कोवळ्या वयात सैनिकी शाळेत घातलं. पहिल्या युद्धात जखमा झाल्या. पुढं सेनापती झाला, विमानातून माणसं उतरवण्याच्या एका मोहिमेत मोठं पदक मिळालं. मग रशियाकडची ती चिंचोळी जमीन, दोन्हीकडं समुद्र. शत्रू बोटींनी त्याच्या मागच्या बाजूला उतरला. त्यानं माघारीची परवानगी मागितली, नाही म्हणाले. पुन्हा मागितली, नाही म्हणाले. मग त्यानं स्वतःच हुकूम दिला आणि बर्फातून, वादळातून हजारो माणसं बाहेर काढली. तुम्ही मधेच विचारायचात, आजारी लोकाईचं काय केलं त्यानं? तोफा संगं आणल्या का टाकल्या? मी सांगितलं, बऱ्याच टाकाव्या लागल्या. तुम्ही मान हलवलीत, "टाकाच लागते." त्याच्यावर खटला चालला, तो थोड्याच वेळात उरकला. मरणाची शिक्षा झाली, मग ती कमी करून किल्ल्यात कैद. त्याच्या पलटणीचाही मान काढून घेतला. किल्ल्यात त्याची बायको आणि लहान मुलगी त्याला भेटायला यायच्या, हे मी वाचलं तेव्हा तुम्ही तोंड फिरवलंत. शेवटी दुसऱ्याच लोकांनी राज्यकर्त्याला मारायचा कट केला, याचा त्यात हात नव्हता, तरी एका सकाळी त्याला बाहेर काढून गोळ्या घातल्या.

मी पुस्तक मिटलं. मला वाटलं तुम्ही काही बोलाल, तुमचा चेहरा जरा सैल होईल. तुम्ही कुंपणाकडं पाहिलंत. मग विचारलंत, "त्या आधीचं काय?" मी म्हटलं, कशाच्या आधीचं? तुम्ही म्हणालात, "येवढी पलटण घेऊन मुलखात शिरला होता, तर रस्त्यात गावं लागली असतील. गावच्या लोकाईचं काय केलं त्यानं?" मी म्हटलं, यात नाही. ते खोटं नव्हतं, पुस्तकात नव्हतंच. पण माझ्या पिशवीत एक नवा लेख होता, त्यात ते होतं. मी तो आधीच वाचला होता आणि तुम्हाला दाखवायचा नाही असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा तेच विचारलंत, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी लेख काढला. त्याच उमरावानं त्याच मोहिमेत वरून आलेले हुकूम पाळले होते. गावागावांतले ज्यू लोक मारेकरी पथकांच्या ताब्यात जाऊ दिले होते, त्यांना शोधायला माणसं पुरवली होती, कैद्यांना जिवे मारण्याचे हुकूम पुढं पोचवले होते. त्याबद्दल त्याला कोणी एक शब्दही विचारला नाही. मी हे सांगताना आवाज बारीक केला होता, जणू तो आपला कोणी नातेवाईक होता.

तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "मोडला त्या हुकमाची सजा भेटली. पाळला त्याचं मेडल भेटलं. त्याले बी, मले बी."

मग तुम्ही ते सांगितलंत. चौकी सोडण्याच्या तीन वर्षं आधीचं. लामत्याच्या पुढं जंगलात तुमचा कॅम्प होता आणि जवळच्या गावातला एक माणूस रोज यायचा. पाण्याची वाट त्यानंच दाखवली होती. कधी चारोळी आणायचा, कधी मध, आणि तुम्ही त्याला मीठ द्यायचात. एक दिवस वरून हुकूम आला, बंदूकवाल्यांचा माणूस म्हणून याचं नाव कोणीतरी घेतलंय, चौकशीसाठी सडकेवर आणून गाडीत द्या. तुम्ही म्हणालात की तो तसा नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, जितकं स्वतःचं नाव ठाऊक असतं तितकं. वायरलेसवर तुम्ही एकदा विचारलं, खात्री आहे ना? उत्तर आलं, तुमचं काम आणून द्यायचं. तुम्ही त्याला सोबत घेऊन सडकेपर्यंत चालत गेलात. वाटेत तो बोलत होता, यंदा मोह चांगला आलाय म्हणून. गाडीत चढताना त्यानं तुमच्याकडं पाहून विचारलं, "साहब, शाम तक आ जाऊँगा न?" आणि तुम्ही म्हणालात, हौ.

त्याची बायको संध्याकाळी पेजेचं गाडगं घेऊन कॅम्पवर आली. तुम्ही तंबूत होता. पहारेकऱ्याला सांगितलंत, सांग साहेब बाहेर गेलेत. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तुम्ही पुन्हा आतच. कनातीच्या फटीतून तुम्हाला तिचे पाय दिसत होते, ती बराच वेळ उभी राहिली. तिसऱ्या दिवशी कळलं, चकमकीत एक जण मारला गेला, बंदूक सापडली, अमुक दलातला नामी माणूस. पंचनाम्याचा कागद तुमच्याकडं आला आणि तुम्ही सही केलीत. वर्षभरात मेडल आलं. मी तेव्हा सातवीत होते, आईनं लाडू केले होते, ते मेडल मी शाळेत नेऊन दाखवलं होतं.

"चौकीवर मी वायरलेस बंद केला ना," तुम्ही म्हणालात, "तो हिंमत होती म्हणून नाई केला. मले वाटलं, अजून एक हुकूम ऐकला तर मी तो बी पाळीन." मग तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मोतीबिंदूमुळं तुमची नजर थोडी बाजूला पडायची. "तू जाशील काय बाई तिच्याकडं? तो तसा नव्हता हे सांग. अन् मी अंदरच बसलो होतो, हे बी सांग."

मी हो म्हणाले. स्वयंपाकघरातलं माझं वाक्य मागं घ्यायला तीच वेळ होती, पण मला ते त्या क्षणी खूपच लहान वाटलं आणि राहून गेलं. होळीच्या आधी तुम्ही गेलात.

मी गेले नाही, बाबा. पहिल्या वर्षी आईची तब्येत, मग परीक्षा, मग रस्ता खराब, मग ती असेल की नाही कोण जाणे. कारणं मला शोधावी लागली नाहीत, ती आपली येत गेली. पण एक झालं. तुम्ही गेल्यानंतर मी उठायला लागले. वर्गात शिकवत असते आणि खिडकीबाहेरून गमछा टाकलेलं कोणी गेलं की माझं वाक्य तुटतं. बाजारात त्या चालीचा माणूस दिसला की मी भाजीवालीशी बोलता बोलता वळून बघते. तुम्ही ज्याला शोधत होता त्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही, तरी मी त्याला ओळखीन असं मला वाटत राहतं. पोरं-पोरी विचारतात, मॅम, क्या हुआ? मी म्हणते, कुछ नहीं, आणि खडू उचलते.

निकालानंतर दहा दिवसांनी तुमच्या पोलीस दलातून एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. फार अदबीनं बोलत होता. वर्धापनदिनाला तुमचा फोटो लावायचा आहे, कुटुंबातलं कोणी यावं, आणि साहेबांच्या सेवेचा छोटा परिचय लिहून द्यावा. मी लिहिला. जन्म, भरती, कुठं कुठं नेमणूक, आणि ती माघार, बावीस जवान जिवंत परत आणले ते. मेडलचं लिहिलं नाही. दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन, मॅडम, मेडलचा उल्लेख राहिला वाटतं. मी टेबलावरचे पेपर सरळ केले. तो म्हणाला, काही हरकत नाही, आमच्या रेकॉर्डला आहे, आम्ही टाकून घेतो. मी काय म्हणायला हवं होतं ते मला नीट माहीत होतं. मी म्हणाले, ठीक आहे. त्या रविवारी मी लामत्याची बस पकडली.

तिथून पुढं एका जीपनं, मग थोडं पायी. गावात आता सिमेंटचा रस्ता आहे, टाकी आहे. त्या माणसाचं नाव सांगितलं तसं एका मुलीनं घर दाखवलं. अंगण सारवलेलं, भिंतीला पांढरी माती, कुडावर सेमीच्या शेंगांचा वेल चढलेला. त्याची बायको दाराशी बसून बांबूची काडी तासत होती. बारीक बाई, सत्तरीची असेल, हात मात्र चपळ. तिनं विचारलं, कोन हो बाई? मी म्हटलं, बालाघाटच्या कॉलेजात शिकवते, जुन्या लोकांच्या गोष्टी लिहून घेते. तोंडातून तेच आलं. तिनं खाट टाकली, पाणी दिलं. मी कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होते, तर तिनंच सुरू केलं. जुनी गोष्ट म्हटल्यावर तिच्याकडं एकच होती.

आदमी पोलिसांबरोबर गेला तो परत आला नाही, तिनं सांगितलं. कागदावर त्याला बंदूकवाला लिहिलं. "वो झूठ है, हमको मालूम है। सारे गाँव को मालूम है।" ती हे चिडून म्हणाली नाही. तुम्ही सांगायला सांगितलेल्यापैकी पहिलं तर तिला कधीपासूनच ठाऊक होतं. मग तिनं काडी खाली ठेवली आणि म्हणाली, "कैंप का बड़ा साहब अच्छा था। नमक देता था। मैं दो दिन गई, वो बाहर गया था। वो होता तो छुड़ा लेता।"

दुसरं वाक्य माझ्या तोंडात होतं, बाबा. मराठीत नव्हे, हिंदीत, बसमध्ये बसून मी ते जुळवलं होतं, चार-पाच वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. ते म्हटलं असतं तर तुमचं ओझं उतरलं असतं, कदाचित माझंही. तिचं काय झालं असतं? एवढ्या वर्षांत तिनं एक माणूस चांगला धरून ठेवला होता, जो असता तर सगळं वेगळं झालं असतं. तिच्या दारात बसून तो मी काढून घ्यायचा होता. मी तिच्यासाठी गप्प बसले असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं पुरतं खरं नाही. वर्दीतला तो चांगला साहेब माझा बाप होता हे तिच्या तोंडून ऐकताना मला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं मला मोडायचं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं माझी चौकशी केली. मुलं किती, सासर कुठलं, मी लग्न केलं नाही म्हटल्यावर हळहळली. मग विचारलं, "बाप क्या करते थे तुम्हारे?" मी म्हटलं, "मास्टर थे। स्कूल में।" ती म्हणाली, तभी तुम भी पढ़ी-लिखी हो. निघताना तिनं वेलावरच्या शेंगा तोडल्या, पदरात धरून माझ्या पिशवीत ओतल्या. मी नको नको म्हटलं, पण पिशवीचं तोंड मीच उघडून धरलं होतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्हाला ते पोचत नाही हे एका परीनं बरंच, पोचलं असतं तर पुढचं मी लिहिलं नसतं. वर्धापनदिन पुढच्या आठवड्यात आहे आणि मी जाणार नाही, पण नाही असं अजून कळवलेलं नाही. शेंगा दोन दिवस टोपलीत पडून होत्या. टाकून द्यायचा विचार केला, टाकवेनात. काल निवडल्या, लसूण-मिरचीवर भाजी केली. चांगली झाली होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.